वरच्या खोलीतला पलंग

१

कुलूप उघडलं, दार ढकललं आणि घरमालकीणबाई उंबरठ्यावरच थबकल्या. त्यांच्या मागे आम्ही तिघं अरुंद जिन्यात एकामागे एक अडकलो होतो: मी, माझी मावशी आणि सगळ्यात खाली दोन्ही हातांत बॅगा घेतलेला माझा नवरा. बसच्या प्रवासात त्याची पाठ पार कामातून गेली होती.

"पुढे सरका ना," तो खालून ओरडला. "मला फक्त आडवं व्हायचंय."

"कशावर?" बाई पुटपुटल्या.

खोली सुरेख होती. नवा रंग, धुतलेले पडदे, टेबलावर पाण्याचा तांब्या, बाजारपेठेकडे उघडणारा छोटा सज्जा. सज्ज्याच्या दाराशी गादी गुंडाळून ठेवलेली होती. तिच्यावर घडी केलेली चादर, चादरीवर दोन उश्या. आणि खोलीच्या मधोमध फरशीवर पलंगाच्या पायांच्या चार खुणा. पलंग मात्र नव्हता.

"होता हो!" बाई रडकुंडीला आल्या. "अगदी शपथेवर सांगते. सकाळी मीच अंथरूण घातलं, कुलूप लावलं आणि तुम्हाला घ्यायला बसस्टँडवर आले. बसला उशीर झाला, तेवढ्यात..."

चोरांनी दागिने नेल्याचं ऐकलं होतं, भांडी नेल्याचं ऐकलं होतं. दिवसाढवळ्या, कुलूपबंद खोलीतून दोघांचा लाकडी पलंग नेणारा चोर मात्र पहिल्यांदाच भेटत होता. भेटला कुठे म्हणा.

ही खोली मिळवताना आमच्या नाकी नऊ आले होते. सुट्टीत कुठेतरी शांत, लहान गावी जाऊ, ही कल्पना नवऱ्याची. लहान गावातही राहायची सोय लागते, हे त्याच्या उशिरा लक्षात आलं. गावात एकच लॉज, आणि ते व्यापाऱ्यांनी भरलेलं. शेवटी कुणाच्या तरी ओळखीच्या ओळखीतून या बाईंचा पत्ता लागला. फोनवर त्या म्हणाल्या होत्या, "तुम्ही माझे पहिलेच पाहुणे. बघा, कशी बडदास्त ठेवते."

गावात सगळे त्यांना वहिनी म्हणत, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. वहिनींनी डोळे पुसले आणि एकदम ताठ झाल्या.

"कुलूप तोडलेलं नाही. म्हणजे किल्लीनं उघडलंय. एक किल्ली माझ्या कमरेला. दुसरी एकाच माणसाकडे आहे, माझ्या दिराकडे. आत्ताच्या आत्ता चौकीत जाते आणि त्यांचं नाव लिहून देते!"

२

"जा की," मावशी शांतपणे म्हणाली. "पण त्याआधी मला सांग, गादी का नाही नेली?"

माझ्या मावशीची सगळी नोकरी रेल्वेच्या हरवलेल्या सामानाच्या कचेरीत झाली. छत्र्या, डबे, कवळ्या, एकदा तर सनईचौघड्यातला आख्खा नगारा तिनं मालकाला परत दिला होता. निवृत्त झाली तरी सवय सुटली नाही. आमच्या घरी चमचा सापडला नाही तरी ती सगळ्यांच्या जबान्या घेते. तिचं एक ठाम मत आहे: वस्तू हरवत नाही, ती कुठेतरी कुणाच्या तरी उपयोगी पडत असते.

"चोर असता तर गादी, उश्या, चादर आधी उचलली असती," ती म्हणाली. "हलकी आणि विकायला सोपी. इथे तर घडी घालून ठेवलीय. माझा नवरा आयुष्यात इतकी चांगली घडी घालू शकला नाही."

"माझाही नाही," मी म्हटलं.

"मी जरा या गादीवर बसू का?" नवरा म्हणाला. आणि बसलाच.

मावशी गुडघ्यांवर बसून कपाटाखाली डोकावली आणि तिथून एक लाकडी खुंटी बाहेर काढली. बोटभर लांब, एका टोकाला ठोकल्याची खूण. मग ती सज्ज्यात गेली. कठड्याच्या नव्या रंगावर दोन ठिकाणी रंग खरवडून लाकूड दिसत होतं.

"दोरी घासलीय. पलंग सुटा केला आणि इथून खाली सोडला."

"इथून?" मी खाली पाहिलं. खाली भरलेला बाजार. घराच्या दाराशेजारीच चादरी-टॉवेलवाल्या बाईंचं दुकान मांडलेलं, पलीकडे भाजी, दोरखंड, मातीची भांडी. "भर बाजारात? आणि कुणी पाहिलं नाही?"

"पाहिलं असेल सगळ्यांनी. बाजाराच्या सकाळी जो तो फळ्या नाहीतर बांबू घेऊन धावत असतो. त्यात आणखी चार फळ्या कोण बघतंय?"

वहिनींना यातलं काही ऐकायचं नव्हतं. त्यांचा राग जुना होता. त्यांचे यजमान गेल्यावर वहिनींनी वरच्या खोल्या पाहुण्यांना द्यायचं ठरवलं. धाकटे दीर म्हणाले, माझ्या भावाच्या घराची धर्मशाळा होऊ देणार नाही. वहिनी म्हणाल्या, मग या घरात पाय ठेवू नका. दीर म्हणाले, नाही ठेवत. आणि खरंच ठेवला नाही. तीन वर्षं झाली, बोलणंही बंद. ते दोन गल्ल्या पलीकडे आपल्या बियाणांच्या दुकानामागे राहत.

"घर दोघांच्या नावावर आहे का?" मावशीनं विचारलं.

"हो. मी तक्रार केली तर ते वाटणी मागतील. वाटणी म्हणजे घर विकणं. मला कळतं ते." वहिनींनी पुन्हा डोळे पुसले. "पण पहिलेच पाहुणे आले आणि त्यांना जमिनीवर झोपवायचं? गावभर हसं झाल्यावर दुसरं कोण येणार? तसंही घर जाणार आणि असंही. मग निदान तोंडावर सांगून तरी जाऊ दे."

"बाजार उठेपर्यंत थांब," मावशी म्हणाली. "पलंग नाही मिळाला तर मी स्वतः तुझ्याबरोबर चौकीत येते."

वहिनी कशाबशा थांबल्या. इतक्यात खालून कुणीतरी मोठ्यानं हाक मारली.

"पाहुणे आहेत का? ऐकलं, पलंग नाही म्हणे!"

३

हाक समोरच्या लॉजवाल्याची होती. गोरा, गुबगुबीत, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट. आम्ही खाली उतरलो तर तो दारातच उभा.

"आमच्याकडे एक खोली रिकामी करून देतो. पलंगासकट," तो म्हणाला.

"तुम्हाला इतक्यात कसं कळलं?" मी विचारलं.

"वहिनींचं ओरडणं मघाशी सज्ज्यातून खाली ऐकू आलं. अर्ध्या गावाला कळलं."

खरं होतं. पण माणूस डोळ्यांत खुपला माझ्या. वहिनींचे पाहुणे गेले तर फायदा याचाच. मी मावशीला कोपरानं ढोसलं. ती मात्र त्याच्याकडे वेगळ्याच कुतूहलानं पाहत होती.

"तुम्ही चिडलेले दिसता," ती म्हणाली.

"चिडू नको तर काय? हंगामाचा पहिला बाजार आहे. यांच्या दाराशेजारची ही जागा यंदा मला मिळणार होती. माझा जनरेटर आणि सोड्याच्या रिकाम्या पेट्या ठेवायला. पक्की खबर होती की जागा रिकामी राहणार. आणि सकाळी बाजाराच्या घंटेला येऊन बघतो तर जागा भरलेली!"

"पक्की खबर कुणाची?"

"ते सोडा," तो म्हणाला, आणि खोलीचं आमंत्रण विसरून निघून गेला.

चादरीवाल्या बाईंशी बोलायला वेगळं कारण लागलं नाही. माझा नवरा तोवर त्यांच्या दुकानाच्या कडेवर जाऊन टेकला होता आणि गरज नसलेल्या टॉवेलचा भाव करत होता. बाई वाकून वाकून माल दाखवत होत्या.

"आज कंबर धरली हो माझीही," त्या हसून म्हणाल्या. "रोज उभ्या उभ्या विकते, आज सारखं वाकावं लागतंय."

"वर्षानुवर्षं इथेच बसता का?" मावशीनं विचारलं.

"या घराची जागा, मी भाड्यानं. वहिनींच्या सासऱ्यांपासून."

नंतर सुतार. त्याचं दुकान गल्लीच्या तोंडाशी. वहिनींचा पलंग त्यानंच केलेला. आम्हाला पाहताच तो ज्या फळीला रंधा मारत होता ती उलटी करून पुन्हा रंधा मारू लागला.

"सुरेख काम होतं म्हणे पलंगाचं," मावशी म्हणाली. "लाकूड कुठलं?"

"वहिनींनीच दिलं. मागच्या पडवीत जुन्या जाड फळ्या पडल्या होत्या त्यांच्या."

"एकही खिळा नाही?"

"खिळा कशाला? खुंट्या ठोकल्या की झालं. जिना अरुंद, म्हणून वर नेऊनच जोडला."

मावशीनं खुंटी त्याच्यापुढे धरली. "ही तुमची?"

"असेल. नसेल. खुंट्या सगळ्या सारख्याच दिसतात." त्याला एकदम खोकला आला. पठ्ठ्या ताकास तूर लागू देईना.

राहिले दीर. ते आपल्या बियाणांच्या दुकानात नव्हतेच. वहिनींच्या घरासमोर, रस्त्याच्या पलीकडे, दिव्याच्या खांबाला टेकून उभे होते. उंच, वाळलेला माणूस, हाताची घडी, नजर समोर. चादरीवाल्या बाई म्हणाल्या, सकाळपासून तिथेच आहेत, जेवायलाही गेले नाहीत. चोरानं चोरीच्या जागेसमोर दिवसभर उभं राहावं, हे माझ्या तरी पचनी पडेना.

"वरच्या खोलीची किल्ली तुमच्याकडे आहे?" मावशीनं थेट विचारलं.

त्यांनी खिशातून काढून दाखवली. "असते माझ्याकडे."

"पलंग तुम्ही नेलात?"

"मी त्या घरात पाय ठेवलेला नाही," ते म्हणाले. "शब्द दिलाय."

मावशीनं मान डोलावली आणि माझा हात धरून मला बाजूला घेतलं.

"मी विचारलं एक, त्यांनी सांगितलं दुसरं. चल, चहा पिऊ. आपलं काम झालं."

"म्हणजे चोर कळला?"

"तो मघाशीच कळला. आता पलंगही कळला."

४

चहाच्या टपरीवर मावशीनं कप खाली ठेवला आणि बोलू लागली. नवरा नवा टॉवेल गळ्यात घालून ऐकत होता.

"पलंग सुटा केला की उरतात फळ्या. दोघं असले की फळ्या जिन्यानं सहज नेता येतात. मग त्या दोरीनं सज्ज्यातून सोडायची यातायात कशाला?"

"लवकर व्हावं म्हणून?" मी म्हटलं.

"अगं, दोरी बांध, सोड, पुन्हा ओढून घे. उशीरच होतो. सज्ज्यातून सोडायचं कारण एकच. खाली फळ्या घेणाऱ्याला घरात यायचं नव्हतं. शेजारी आला असता, लॉजवाला आला असता, खरा चोर तर धावत आला असता. या गावात त्या घराचा उंबरठा न ओलांडणारा माणूस किती?"

"एकच," मी म्हटलं. "दीर."

"किल्ली त्यांची, पण वर दुसरा गेला. खुंटी कुठली आधी काढायची हे ज्याला ठाऊक, तोच. आत्ता मघाशी ज्याला खोकला आला तो."

"पण सुतारानं स्वतःच केलेला पलंग..."

"आता लॉजवाला आठव. ज्याच्या वैऱ्याचं नुकसान झालं, तो खूश असायला हवा. हा चिडलेला. का? तर रिकामी राहणारी जागा भरली. पलंग गेला आणि जागा भरली, दोन्ही एकाच सकाळी. आणि रोज उभ्यानं विकणारी बाई आजच का वाकते?"

नवऱ्यानं चहाचा घोट गिळला. "म्हणजे मी मघाशी ज्याच्यावर बसलो होतो..."

"तोच तुझा पलंग. वर चादरी, बाजूनं लोंबत्या चादरी, कुणाला संशय येणार? काखेत कळसा आणि गावाला वळसा."

आम्ही पोट धरून हसलो. पण हसू पुरतं ओसरायच्या आत बाजारात गलका झाला. वहिनींना आणखी धीर धरवला नव्हता. त्या पदर खोचून चौकीकडे निघाल्या होत्या आणि वाटेत चादरीवाल्या बाईंचा एक टॉवेल वाऱ्यानं सरकला होता. वहिनींना खालचा पाय दिसला. आपल्या हातानं पॉलिश केलेला, नक्षीचा पाय.

"माझा पलंग!" त्या किंचाळल्या आणि दोन्ही हातांनी पलंग ओढायला लागल्या. चादरी भराभरा घसरल्या. चादरीवाल्या बाई ओरडल्या, "वहिनी, थांबा!" खांबाजवळचे दीर धावत रस्ता ओलांडून आले आणि एकदम थांबले, कारण बोलायचं कसं ते त्यांना कळेना.

आणि समोरच्या दारात लॉजवाला सकाळपासून पहिल्यांदा हसत होता.

"ओढा, वहिनी," तो म्हणाला. "एक हातभर ओढा फक्त."

५

"ओढू नको!" मावशीनं वहिनींचं मनगट धरलं. "यांना हसू का येतंय, ते आधी विचार."

दीर-भावजयीच्या भांडणात पडायला नको म्हणून आतापर्यंत गप्प बसलेल्या चादरीवाल्या बाईंनी उत्तर दिलं. या बाजाराची जुनी रीत अशी की हंगामाच्या पहिल्या बाजाराला, सकाळच्या घंटेपासून संध्याकाळच्या घंटेपर्यंत, ज्या घराच्या फळ्या ज्या जागेवर उभ्या राहतील, ती जागा वर्षभर त्या घराची. दुसऱ्याच्या उसन्या फळ्या चालत नाहीत. प्रत्येक घराच्या फळ्यांना पोटाकडून डागून खूण केलेली असते, आणि बाजाराचे मुखत्यार फिरून ती पाहतात. फळ्या मध्येच हलल्या, तर जागा जो मागेल त्याची.

वहिनी मोठ्या शहरात वाढलेल्या. हे काम आधी सासऱ्यांचं, मग यजमानांचं, आणि ते गेल्यावर दीर गुपचूप करत होते. बाजाराच्या सकाळी मागच्या पडवीतून, म्हणजे बाहेरच्या बाहेर, फळ्या काढायच्या आणि संध्याकाळी परत ठेवायच्या. वहिनींना वाटे, बाजारवालेच मांडत असतील.

"आणि मी त्या फळ्यांचा..." वहिनी पलंगाकडे पाहत राहिल्या.

"पलंग केलात," मावशी म्हणाली.

सगळ्या माना सुताराकडे वळल्या. गर्दीत मागे उभा राहून तो निसटायच्या बेतात होता.

"खुणा दिसल्या होत्या मला," तो म्हणाला. "पण मला वाटलं वहिनींना माहीत असेल. घरच्या माणसांना आपण काय शिकवायचं? मग लॉजवाले दुकानात आले, तेव्हा बोलता बोलता निघून गेलं माझ्या तोंडून, की त्या फळ्या काही आता उभ्या राहत नाहीत."

ही ती पक्की खबर. लॉजवाल्याला आयत्या बिळावर नागोबा व्हायचं होतं, दुसरं काय.

"आज सकाळी हे पडवीत आले," सुतारानं दिरांकडे बोट दाखवलं. "पडवी रिकामी. मला धरलं. घंटा व्हायची वेळ झालेली, वहिनी स्टँडवर गेलेल्या. हे म्हणाले, तू वर जा, मी खाली उभा राहतो. गादी नीट घडी घालून ठेव, म्हणाले, तिचे पाहुणे यायचेत. आणि वहिनी आल्या की लगेच सांग, म्हणाले."

"मग सांगितलं का नाहीस?" वहिनी कडाडल्या.

"कसा सांगू? तुम्ही विचारलं असतं, खुणेच्या फळ्या कापल्यास कशाला?"

वहिनी वळल्या. इतक्या वेळात पहिल्यांदा त्यांनी दिरांकडे सरळ पाहिलं. मी मावशीजवळ सरकले, कारण पोलिसचौकी अजून हाकेच्या अंतरावर होती आणि बाईंचा राग काही लहान नव्हता.

"तुम्हाला तर हे घर पाहुण्यांना द्यायचंच नव्हतं," त्या म्हणाल्या. "जनरेटर दारात आला असता, पेट्यांनी वाट अडली असती. एक पाहुणा टिकला नसता. तुमच्या मनासारखंच झालं असतं की."

दिरांनी खाली पाहिलं. "मला नको होतं, ते खरं. अजूनही नकोच आहे," ते म्हणाले. "पण ते घर दादाचं आहे. ते तुम्ही बंद केलं तर वेगळं. बाहेरच्या कुणी तुमच्याकडून बंद करवायचं नाही."

वहिनी पलंगाकडे वळल्या. त्यांनी घसरलेल्या चादरी एक एक करून उचलल्या, झटकल्या आणि पलंगावर पुन्हा मांडल्या. मग स्वतःच पलंगाच्या कडेवर बसल्या, मांडी ठोकून, लॉजवाल्याकडे तोंड करून. संध्याकाळची घंटा होईपर्यंत त्या उठल्या नाहीत, आणि त्यांच्या तोंडाच्या पट्ट्यामुळे चादरीवाल्या बाईंच्या निम्म्याअधिक चादरी खपल्या. मुखत्यार आले, वाकून खूण पाहिली, पलंग पाहून मिशीत हसले आणि पुढे गेले.

घंटा झाली. बाजार उठला. सुतारानं खुंट्या काढल्या, दिरांनी फळ्या खांद्यावर घेतल्या आणि दारापर्यंत आणून भिंतीला टेकवून ठेवल्या. पुढे गेले नाहीत. चपला पायांतच ठेवून ते परत फिरले.

"भावजी," वहिनींनी हाक मारली.

ते थांबले.

"पाय ठेवू नका असं मी म्हटलं होतं. ते मी मागे घेते. पाहुण्यांची सोय नंतर. तुमच्या भावाचा फोटो खालच्या खोलीत लावलाय, तुम्ही पाहिलेला नाही. आधी तिकडे चला."

त्या उंच माणसाचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला. त्यांनी चपला काढल्या, उंबरठ्याशी क्षणभर घोटाळले आणि आत गेले. दार कुणी लावलं नाही. मावशीनं नाक शिंकरलं आणि धुळीला शिव्या घातल्या.

फळ्या आम्हीच वर नेल्या. सुतारानं पलंग जोडला, आणि नवरा गादी पसरायच्या आधीच त्यावर आडवा झाला. मावशीनं सज्ज्याचं दार उघडलं. खालून आवाज येत होते. आधी हळू, मग चढत गेलेले. सज्ज्याचा रंग कुणाला विचारून बदलला, पडवीतल्या फळ्या विचारल्याशिवाय हलवल्याच कशा, तुम्ही कधी विचारायला आलात का, तुम्ही कधी बोलावलंत का, असं तीन वर्षांचं साचलेलं सगळं दोघं एकमेकांना ऐकवत होते. मध्येच कपबशीचा आवाज आला, आणि भांडण पुन्हा सुरू झालं.

"जाऊन सोडवू का?" नवऱ्यानं पडल्या पडल्या विचारलं.

"गप पड," मावशी म्हणाली. "चांगलं चाललंय त्यांचं."